चाकोरीत राहूनच खजिन्याचा शोध

मराठीत 'चाकोरीबाहेर जाणे' ही कौतुकाची बाब समजली जाते. चाकोरी म्हणजे मुळात गाडीच्या चाकांनी जमिनीवर पाडलेली वाट. अमेरिकेच्या पश्चिम भागातील वाळवंटांत आणि डोंगराळ प्रदेशांत फोर बाय फोर गाड्या घेऊन 'जिओकॅशिंग'चा छंद जोपासणाऱ्या मंडळींना मात्र नेमके उलटे शिकावे लागते. डांबरी रस्ता सोडायचा, पण आधीपासून असलेली चाकोरी सोडायची नाही, हा त्यांच्या छंदाचा पहिला धडा असतो.

जिओकॅशिंग म्हणजे उपग्रहांच्या साहाय्याने खेळली जाणारी लपाछपी. कोणीतरी एक डबा कोठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतो आणि इतरांनी जीपीएस यंत्राच्या आधारे तो शोधून काढायचा असतो. आज जगभरात असे ३० लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. त्यातील बहुसंख्य शहरांत, उद्यानांत वा पायवाटांवर आहेत. परंतु काही डबे अशा ठिकाणी आहेत, की जेथे साध्या मोटारीने पोहोचणे शक्य नाही आणि पायी जायचे तर दोन-तीन दिवसांचे पाणी पाठीवर घ्यावे लागेल. जीपवाल्यांचा या छंदाशी संबंध येतो तो तेथे.

एका आदेशातून जन्मलेला छंद

या छंदाची जन्मतारीख नेमकेपणाने सांगता येते. अमेरिकी लष्कराने उभारलेल्या जीपीएस यंत्रणेच्या नागरी संकेतांत त्या काळी हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातील यंत्र त्याची जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकीची दाखवी. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयानुसार १ मे २००० च्या मध्यरात्री ही मिसळ बंद करण्यात आली. एका रात्रीत जगभरातील जीपीएस यंत्रे जवळपास दहापट अचूक झाली.

ही अचूकता पडताळून पाहण्यासाठी डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक या गावाजवळ रस्त्याकडेच्या झाडीत एक काळी बादली ठेवली. तिच्यात पुस्तके, चित्रफिती, नकाशांचे सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा एक हवाबंद डबा अशा किरकोळ वस्तू होत्या. जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवरील जीपीएसप्रेमींच्या चर्चागटात जाहीर केले. अट एकच होती. काही घेतले, तर काही ठेवावे. तीन दिवसांत दोघांनी आपापल्या यंत्रांच्या आधारे ती बादली शोधून काढली. महिनाभरातच मॅट स्टम याने या खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश याने जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगात असे डबे होते अवघे ७५. पुढे सिएटल येथील ग्राउंडस्पीक ही कंपनी या संकेतस्थळाचा कारभार पाहू लागली.

'कॅश' हा उच्चार ऐकून मराठी माणसाला रोकड आठवते. पण या शब्दाचा पैशांशी संबंध नाही. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आलेला आहे. जंगलात फिरणारे शिकारी आणि फासेपारधी परतीच्या प्रवासासाठी लपवून ठेवत त्या शिधासामग्रीला हा शब्द वापरला जाई.

अर्थात, उपग्रह येण्यापूर्वीही अशी कल्पना अस्तित्वात होती. इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानावरील एका दुर्गम जागी १८५४ मध्ये जेम्स पेरॉट या वाटाड्याने एक बाटली ठेवली आणि तेथवर पोहोचणारे पदभ्रमंतीकार तिच्यात आपले कार्ड टाकून जाऊ लागले. त्यातूनच 'लेटरबॉक्सिंग' हा छंद वाढला. जिओकॅशिंग हे त्याचेच उपग्रहयुगातील भावंड म्हणता येईल.

खेळाचे नियम

डबा कसलाही चालतो. बोटाच्या पेरात मावेल अशा डबीपासून लष्कराच्या जुन्या काडतुसांच्या लोखंडी पेटीपर्यंत. वाळवंटात ही लोखंडी पेटी विशेष लोकप्रिय आहे, कारण तिच्या झाकणाला रबराची पट्टी असते आणि धूळ, पाऊस, ऊन यांना ती दाद देत नाही. डब्यात एक नोंदवही हवीच. शोधणाऱ्याने त्यात टोपणनाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा आणि होता तेथेच परत ठेवायचा आणि नंतर संकेतस्थळावर आपल्या शोधाची नोंद करायची. डब्यातील वस्तू उचलली, तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू तेथे ठेवणे हा शिष्टाचार आहे. खाद्यपदार्थ ठेवण्यास मनाई आहे, कारण त्यांच्या वासाने प्राणी डबा फोडतात. स्फोटके, शस्त्रे आणि अमली पदार्थ अर्थातच वर्ज्य. डबा जमिनीत पुरता येत नाही आणि दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे एक दशांश मैल अंतर असावे लागते.

प्रत्येक डब्याला दोन प्रकारचे तारे दिलेले असतात. पहिला आकडा शोधण्यातील अवघडपणाचा, दुसरा तेथवर पोहोचण्यातील भूप्रदेशाच्या अवघडपणाचा. दोन्ही एक ते पाच या श्रेणीत. भूप्रदेशासाठी पाच तारे म्हणजे तेथे जाण्यास विशेष साधन लागणार. कधी होडी, कधी गिर्यारोहणाचे दोर. ऑक्टोबर २००८ मध्ये अंतराळ प्रवासी रिचर्ड गॅरियट याने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही एक कॅश नोंदवली होती. तिच्यासाठी लागणारे 'विशेष साधन' म्हणजे अग्निबाण!

तारे पाहिल्यावर जीपवाला पाहतो ती गुणचिन्हे. प्रत्येक डब्याच्या पानावर छोटी चिन्हे असतात. कुत्रा नेता येईल का, रात्री जाता येईल का, जवळ पाणी आहे का. त्यांतच फोर बाय फोर वाहन, चार चाकांची क्वाड बाइक आणि मोटारसायकल यांचीही चिन्हे आहेत. या चिन्हांनुसार यादी चाळली, की गाडीने गाठता येणारे डबे हाती लागतात. मात्र चिन्हाचा अर्थ एवढाच, की डब्याच्या परिसरात अशा वाहनाला वाट आहे. वाहन थेट डब्यापर्यंत न्यावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आकड्यांची भाषा

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की यंत्र आपली जागा काढू शकते. मोकळ्या आकाशाखाली आजचा स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या परिघात जागा सांगतो. खोल दरीत किंवा उंच कड्याला लागून उभे राहिल्यास मात्र आकाशाचा तुकडा लहान होतो, संकेत खडकांवरून परावर्तित होतात आणि चूक वाढते. म्हणूनच अनुभवी शोधकर्ते अखेरच्या टप्प्यात यंत्र खिशात ठेवतात आणि डोळे वापरतात. 'मी येथे डबा लपवला असता तर कोठे?' हा प्रश्न तेथे अधिक उपयोगी पडतो.

जिओकॅशिंगमध्ये जागा सांगण्याची पद्धत अंश आणि दशांश मिनिटे अशी आहे. मिनिटाचा तिसरा दशांश अंक एकाने बदलला, तर अक्षांशात सुमारे १.८५ मीटरचा फरक पडतो. नवख्यांची सर्वांत मोठी गफलत येथेच होते. दशांश मिनिटे ही सेकंद समजून यंत्रात भरली, तर जागा शेकडो मीटर दूर जाते. दुसरी गफलत नकाशांची. आजचे जीपीएस ज्या भूमापन आधारावर चालते, त्याहून वेगळा, १९२७ सालचा आधार अमेरिकेच्या अनेक जुन्या कागदी नकाशांना आहे. यंत्राचे आकडे तसेच त्या नकाशावर मांडल्यास पश्चिमेकडील राज्यांत १०० मीटरच्या आसपास तफावत येऊ शकते. सपाट मैदानात ही तफावत क्षुल्लक वाटेल. दरीच्या काठावर, डबा या बाजूला की पलीकडच्या बाजूला, हे तिच्यावर ठरते. आणि पलीकडच्या बाजूला जाणारी वाट कधीकधी ६० किलोमीटरचा वळसा घालून जाते.

जीपवाल्यांना ओढ का?

फोर बाय फोर गाड्यांचा छंद असणाऱ्यांपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. गाडी आहे, वेळ आहे, पण जायचे कोठे? प्रसिद्ध वाटा ठरलेल्या आहेत. कॅलिफोर्नियातील सुमारे ३५ किलोमीटरची रुबिकॉन वाट, जिच्यावर १९५३ पासून जीप जंबोरी भरते. युटा राज्यातील मोआब हे गाव, जेथे १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास 'जीप सफारी' होते. त्या वाटा एकदा पालथ्या घातल्यावर पुढे काय? जिओकॅशिंगने याचे उत्तर दिले. एखादी बंद पडलेली खाण, ओसाड पडलेले रेल्वे स्थानक, वाळवंटातला झरा अशा जागा माहीत असलेला माणूस तेथे डबा ठेवतो आणि पानावर त्या जागेचा इतिहास लिहितो. शोधणाऱ्याला डब्यात मिळते ती खेळण्यातली मोटार किंवा चावीची साखळी. खरी कमाई असते ती त्या जागेची.

प्रदेशही या छंदाला अनुकूल आहे. नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. अमेरिकेचे भूमी व्यवस्थापन खाते देशभरात जवळपास साडेचोवीस कोटी एकर जमीन सांभाळते आणि त्यातील मोठा भाग पश्चिमेकडील याच राज्यांत आहे. खाणकामगारांनी, मेंढपाळांनी आणि टपाल नेणाऱ्यांनी गेल्या दीडशे वर्षांत पाडलेल्या कच्च्या वाटांचे जाळे तेथे पसरलेले आहे. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटातून जाणारी सुमारे २२० किलोमीटरची 'मोहावी रोड' ही अशीच जुनी वाट. तिच्यावर निर्मनुष्य जागी एक टपालपेटी उभी असून तिच्यातील वहीत येणारेजाणारे आपली नावे लिहितात. ही पेटी जिओकॅशिंगपेक्षा जुनी आहे. वाळवंटात वही दिसली, की माणसाला नाव लिहावेसे वाटते, ही ओढ उपग्रहांच्याही आधीची आहे.

वाहन उद्योगानेही हे नाते लवकर ओळखले. जीप कंपनीने २००४ मध्ये पिवळ्या रंगाच्या हजारो चिमुकल्या जीप डब्यांतून सोडल्या. प्रत्येकीला एक क्रमांक होता. ज्याला ती सापडेल त्याने ती पुढच्या डब्यात नेऊन ठेवायची आणि तिचा प्रवास संकेतस्थळावर नोंदवायचा. पुढील वर्षांत पांढऱ्या, हिरव्या आणि लाल जीप आल्या. जाहिरात म्हणून ही मोहीम यशस्वी ठरली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीपप्रेमी आणि जिओकॅशिंग करणारे हे दोन वेगळे समूह तिच्यामुळे एकमेकांना भेटले.

या ओढीचा अतिरेकही झाला. नेवाडातील 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य मार्ग ३७५ च्या कडेने ओळीने हजारभर डबे ठेवण्यात आले. दिवसभरात शेकडो डबे शोधण्याचा विक्रम करू पाहणारे गाड्या थांबवत, पळत, पुन्हा सुटत. अखेर २०११ मध्ये राज्याच्या वाहतूक खात्याने सुरक्षिततेच्या कारणावरून आक्षेप घेतला आणि ते डबे हटवावे लागले. नंतर नव्या रचनेत अशी मालिका पुन्हा उभी राहिली, पण डबे मोजायचे की जागा पाहायच्या, हा वाद त्या निमित्ताने छंदात कायमचा रुजला.

वाट कोठे संपते?

यंत्रावरील बाण सरळ रेषेत डब्याकडे बोट दाखवतो. चाकोरी मात्र वळणे घेत जाते. डबा २०० मीटरवर आहे, मध्ये सपाट माती आहे, गाडी समर्थ आहे. मग सरळ का जाऊ नये? या एका प्रश्नावर या छंदाचे भवितव्य अवलंबून आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मोआबच्या परिसरात त्याचे उत्तर जमिनीतच दिसते. तेथील मातीवर काळपट, खडबडीत असा एक थर असतो. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी मातीचे कण एकमेकांना बांधून तयार केलेला हा सजीव पापुद्रा वाऱ्या-पावसापासून माती धरून ठेवतो, पाणी टिकवतो आणि हवेतील नत्र मातीत आणतो. गाडीचे एक चाक त्यावरून गेले, की तो चुरडला जातो आणि पूर्ववत होण्यास काही दशके लागतात. शिवाय पहिल्या गाडीची चाके उमटली, की दुसऱ्या गाडीवाल्याला ती वाटच वाटते. डबा शोधायला वर्षभरात पन्नास गाड्या आल्या, तर नकाशावर नसलेला रस्ता तयार होतो.

या संदर्भातील कायदा नवा नाही. सरकारी जमिनींवर अशा वाहनांना कोठे मुभा आणि कोठे बंदी, हे ठरवण्याचा आदेश अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९७२ मध्येच काढला होता. वनखात्याने २००५ मध्ये नियम केला, की राष्ट्रीय वनांत मोटारींसाठी निश्चित केलेल्या वाटाच खुल्या राहतील आणि त्या वाटा खात्याच्या मोफत नकाशावर दाखवल्या जातील. वाटेवर फलक असो वा नसो, नकाशा पाहण्याची जबाबदारी चालकाची. भूमी व्यवस्थापन खाते बिगरव्यावसायिक जिओकॅशिंगला सर्वसाधारणपणे परवान्याविना मुभा देते. संरक्षित अरण्यक्षेत्रे मात्र त्यातून वगळलेली आहेत. राष्ट्रीय उद्यानांत परवानगीविना डबा ठेवता येत नाही. तेथे 'अर्थकॅश' हा पर्याय आहे. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या सहकार्याने २००४ पासून सुरू झालेल्या या प्रकारात डबाच नसतो. विशिष्ट खडक वा भूरूप पाहून त्यासंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात.

वाटा बंद होतात त्या नेमक्या कशा, याचे उदाहरण मोआबनेच दिले. भूमी व्यवस्थापन खात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील लॅबिरिंथ कॅन्यन परिसरातील ३१७ मैल, म्हणजे सुमारे ५१० किलोमीटर वाटा मोटारींना बंद करण्याचा निर्णय दिला. वाहनप्रेमींच्या संघटनांनी त्याला आव्हान दिले. या वादात कोणाची बाजू योग्य, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु चाकोरी सोडून गेलेली प्रत्येक गाडी वाटा बंद करू पाहणाऱ्यांच्या हाती एक पुरावा देते, हे वाहनप्रेमींच्या संघटनाही जाणतात. वनखात्याने १९८५ मध्ये सुरू केलेला आणि १९९० मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था झालेला 'ट्रेड लाइटली' हा उपक्रम गेली अनेक वर्षे हेच सांगतो आहे. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात 'चालणाऱ्या दगडां'साठी प्रसिद्ध असलेल्या रेसट्रॅक या कोरड्या सरोवराच्या तळावर २०१६ मध्ये कोणीतरी गाडी फिरवली. तो प्रकार जिओकॅशिंगचा नव्हता. पण ते पट्टे पाहणाऱ्याला त्याने काय फरक पडणार?

म्हणूनच जाणकार शोधकर्ते एक साधा दंडक पाळतात. डबा लपवताना तो वाटेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, खडकाळ जागी ठेवायचा आणि गाडी कोठे उभी करायची, त्या जागेचेही अक्षांश-रेखांश पानावर द्यायचे. मग यंत्राचा बाण आधी गाडी थांबवण्याच्या जागेकडे नेतो. शेवटचा टप्पा पायी.

यंत्रावर आंधळा विश्वास

जमिनीच्या हानीइतकाच गंभीर प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तो जागतिक उच्चांक मानला जातो. याच भागात ऑगस्ट २००९ मध्ये जीपीएसच्या भरवशावर एका निर्मनुष्य वाटेने गेलेल्या एका आईची जीप वाळूत रुतली. काही दिवसांनी शोधपथक पोहोचले, तेव्हा आई जिवंत होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा दगावला होता. उद्यानाच्या रेंजर मंडळींमध्ये 'जीपीएसने झालेला मृत्यू' असा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे. अनेक यंत्रांतील नकाशांत दशकांपूर्वी बंद पडलेल्या वाटाही रस्ता म्हणून दाखवल्या जात होत्या, हे अशा घटनांमुळे उजेडात आले.

दुसरी घटना मार्च २०११ मधली. कॅनडाहून लास व्हेगासकडे निघालेले एक जोडपे जीपीएसने सुचवलेल्या जवळच्या मार्गाने उत्तर नेवाडातील डोंगरांत शिरले आणि त्यांची गाडी चिखलात अडकली. पती मदत आणण्यासाठी यंत्र घेऊन पायी निघाला. पत्नी गाडीतच थांबली. तब्बल सात आठवड्यांनी शिकाऱ्यांना ती जिवंत सापडली. पतीचे अवशेष २०१२ मध्ये मिळाले.

या दोन्ही कुटुंबांचा जिओकॅशिंगशी संबंध नव्हता. पण जिओकॅशिंगसाठी गाडी काढणारा माणूस त्याच प्रदेशात, त्याच यंत्राच्या भरवशावर आणि तेही मुद्दाम आडवाटेने जात असतो. यंत्र जागा सांगते. तेथे जाणारी वाट गेल्या पावसात वाहून गेली आहे काय, हे त्याला ठाऊक नसते. गाडी अडकल्यास गाडी सोडू नये, हा वाळवंटातील शोधपथकांचा पहिला सल्ला आहे. विमानातून पाहणाऱ्याला गाडी दिसते, एकटा माणूस दिसत नाही.

गाडीची तयारी

या छंदासाठी महागडी गाडी लागतेच असे नाही. जमिनीपासून पुरेशी उंची, चारही चाकांना मिळणारी शक्ती आणि 'लो रेंज' गिअर एवढे पुरते. खडकाळ चढउतारावर वेग घातक ठरतो. लो रेंजमध्ये गाडी माणसाच्या चालीने जाते आणि चालकाला चाक कोठे ठेवायचे ते ठरवता येते. ऑइल चेंबर आणि डिफरन्शियल यांच्याखाली लोखंडी संरक्षक पत्रा असलेला बरा.

वाळूत खरी करामत करते ती टायरमधील हवा. डांबरी रस्त्यावर ३५ पौंडांच्या आसपास असलेला दाब वाळूत १८ ते २० पौंडांवर आणला, की टायर पसरतो, जमिनीशी त्याचा संपर्क वाढतो आणि गाडी रुतत नाही. वाटेची झीजही कमी होते. परत डांबरी रस्त्यावर येताच हवा भरणे मात्र आवश्यक, अन्यथा कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. त्यामुळे गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि दाबमापक ही या छंदातील पहिली खरेदी असावी. त्यानंतर गाडी ओढण्याचा पट्टा, फावडे, पूर्ण आकाराची स्टेपनी आणि जॅकखाली ठेवायला लाकडी फळी. फळीविना जॅक वाळूत स्वतःच रुतत जातो.

तरीही सर्वांत मोठी सुरक्षा म्हणजे दुसरी गाडी. एकट्याने जाऊ नये, हा नियम अनुभवी मंडळी मोडत नाहीत. निघण्यापूर्वी मार्ग आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवली जाते. मोबाइलची रेंज नसलेल्या भागासाठी अनेक जण उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्रही बाळगतात.

पेटी सापडली, पण कोणाला?

हा खेळ ठाऊक नसलेल्याच्या नजरेस लष्करी रंगाची बेवारस पेटी पडली तर? जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी या गावात नेमके हेच घडले. एका जिओकॅशच्या डब्याला बॉम्ब समजून परिसर रिकामा करण्यात आला आणि बॉम्बनाशक पथकाने तो डबा उडवून दिला. म्हणूनच पेटीवरील लष्करी अक्षरे खोडावीत, बाहेर 'जिओकॅश' असे ठळक लिहावे आणि शाळा, पूल, रेल्वेमार्ग, विमानतळ यांच्या जवळपास डबा ठेवू नये, असे नियम आहेत. जमीनमालकाची परवानगी ही तर मूलभूत अट.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या संदर्भात

भारतातही जिओकॅश आहेत, मात्र त्यांची संख्या अमेरिका वा युरोपच्या तुलनेत अगदी थोडी. बेवारस वस्तूला हात लावू नका, असे रेल्वे स्थानकापासून बाजारापर्यंत सतत बजावले जाणाऱ्या समाजात लपवलेल्या डब्यांचा खेळ रुजणे सोपे नाही. गडकिल्ल्यांवर गुप्तधनाच्या लालसेने खोदकाम करणाऱ्यांचा उपद्रव महाराष्ट्राला परिचित आहे. अशा ठिकाणी 'खजिना' हा शब्दही जपून वापरावा लागेल. संरक्षित स्मारकांना १९५८ चा, तर अभयारण्यांना १९७२ चा कायदा लागू आहे.

मोआबच्या मातीचा धडा मात्र येथे जसाच्या तसा लागू पडतो. सह्याद्रीतील सड्यांवर पावसाळ्यात फुलणारी इवलीशी फुले मूठभर मातीच्या थरावर जगतात. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले साताऱ्याजवळील कास पठार हे त्याचे ठळक उदाहरण. मोकळे, सपाट दिसणारे पठार म्हणजे गाडी फिरवण्याचे मैदान नव्हे. गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर सागरी कासवे वाळूत अंडी घालतात. वरून काहीच दिसत नाही. चाकाखाली काय आहे, हे चालकाला कळतही नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथे या छंदाची गोडी लागलेल्या मराठी कुटुंबांनी मायदेशी येताना एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे भारतात परवान्याविना बाळगणे हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशी यंत्रे सामानात आढळल्याने परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली होती. वाळवंटात जीव वाचवणारे यंत्र येथे विमानतळावरच अडकवू शकते.

नोंदवहीतले नाव

कॅन्सस राज्यातील मिंगो या गावाजवळ मे २००० मध्ये ठेवलेली कॅश आजवर टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या कॅशपैकी एक मानली जाते. तिचा डबा अनेकदा गहाळ झाला, चोरीस गेला आणि पुन्हा ठेवण्यात आला. आणि उल्मरच्या बादलीतील घेवड्याचा डबा? तोही जपून ठेवण्यात आला असून, जिओकॅशिंगच्या मेळाव्यांत लोक तो कौतुकाने पाहतात. टाकाऊ वस्तूला असे मोल येते, ते तिच्यामागे आलेल्या माणसांमुळे.

२००२ पासून या छंदात 'डबा शोधा, कचरा परत आणा' अशी मोहीम चालवली जाते. डब्याकडे जाताना रिकामी पिशवी न्यायची आणि वाटेतील कचरा गोळा करून आणायचा. जीपवाल्यांच्या गाडीत जागा अधिक, त्यामुळे त्यांच्याकडून अपेक्षाही अधिक. शोधकर्त्याचे नाव डब्यातील वहीत राहावे. त्याच्या चाकांचे नाव मातीवर राहू नये.

निघण्यापूर्वी

- डब्याच्या पानावरील ताजी नोंद वाचावी. अलीकडे कोणालाच सापडला नसेल, तर डबा किंवा वाट यांपैकी एक नाहीसे झालेले असू शकते.
- वाट आज मोटारींना खुली आहे काय, हे संबंधित खात्याच्या नकाशावर पडताळावे.
- कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत ठेवावे. बॅटरी संपली, तरी ते चालतात.
- वाळवंटात माणशी दररोज किमान चार लिटर पाणी घ्यावे. एक दिवसाची सहल असली, तरी दोन दिवसांचे.
- इंधनाची टाकी अर्ध्यावर आली, की परत फिरण्याचा विचार करावा.
- गाडी अडकल्यास गाडीजवळच थांबावे.
- डब्याच्या दिशेने वाट संपली, की इंजिन बंद करून खाली उतरावे.